मदत कुणाची, ते लिहा

गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली. शिक्षकाची चूक वर्गात सहज झाकली जाते, कारण लाल पेन त्याच्याच हातात असते. पण ही चूक झाकण्यासारखी नव्हती. तिच्यातून जे शिकलो ते शाळकरी मुले असलेल्या प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून या महिन्याचे हे पान तिच्यासाठी.

आमची शाळा महाड तालुक्यात, शिवथरच्या बाजूला. नववीला जलसुरक्षा हा विषय आहे. त्यासाठी आम्ही मुलांना 'आमच्या खोऱ्यातील पाणी' असा प्रकल्प दिला. आमच्याकडे हा विषय पुस्तकी नाही. श्रावणात ओढा अंगणापर्यंत येतो आणि एप्रिल उजाडला की त्याच घरातल्या बायकांना हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जावे लागते. मुले हे जन्मापासून बघतात.

छत्तीस वह्या आल्या. त्यांतल्या दोन वह्यांची ही गोष्ट.

पहिली वही एका मुलाची. अक्षर वळणदार, प्रस्तावना, मुद्दे, उपमुद्दे, निष्कर्ष, सगळे जागच्या जागी. एक खाडाखोड नाही. आम्ही वीसपैकी एकोणीस गुण दिले आणि खाली 'उत्कृष्ट' असा शेरा लिहिला.

दुसरी वही एका मुलीची. मजकूर बरा, पण मधेच एक ओळ खोडलेली, वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेले, समासातही दोन शब्द घुसवलेले. शेवटच्या पानावर तिने लिहिले होते, 'अम्मीच्या मोबाईलवर एआयला विचारले होते. त्याने सांगितलेले काही घेतले, काही घेतले नाही.' ते वाचून आमचा पारा चढला. तेरा गुण दिले आणि लाल पेनने लिहिले, 'प्रकल्प स्वतः करावा.'

पुढच्या आठवड्यात उत्तम प्रकल्पाचे वाचन ठेवले. मुलगा उभा राहून वाचू लागला. वाचता वाचता एक वाक्य आले की शिवथर परिसरातील ओढे-नाले पुढे कृष्णा नदीला मिळतात. मागच्या बाकावर खसखस पिकली. एकजण म्हणाला, "सर, कृष्णा हिकडं कुठनं आली?"

खरेच की. कृष्णा आणि सावित्री या दोन्ही नद्यांचे उगम महाबळेश्वरचे. पण कृष्णा घाटावर उतरून पूर्वेला जाते आणि सावित्री कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. शिवथर घाटाच्या खाली. इथले पाणी घाट चढून कृष्णेला कसे जाईल? आमच्या वर्गातल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक आहे. आणि त्या वाक्यासमोर आमच्या हातची बरोबरची लाल खूण होती. म्हणजे आम्ही वही तपासली होती, वाचली नव्हती.

घरी आल्यावर दुसरी वही पुन्हा उघडली. खोडलेली ओळ उजेडात धरून बघितली. तिथेही तेच वाक्य होते, 'कृष्णा नदीला मिळतात.' त्यावर एक आडवी रेघ, वर लिहिलेले 'सावित्री', आणि समासात दोन शब्द, 'नानांनी सांगितले.'

यंत्राने दोघांनाही तेच सांगितले होते. एकाने ते जसेच्या तसे उतरवले आणि लपवले, त्याला एकोणीस. एकीने घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारले, चूक पकडली, दुरुस्त केली आणि मदत घेतल्याचे प्रामाणिकपणे लिहिले, तिला तेरा. शिवाय त्या खाडाखोडीचेही गुण आम्ही कापले होते.

दुसऱ्या दिवशी मुलाला बाजूला बोलावले. रागावणार होतो, पण तो जे बोलला त्याने आमचेच तोंड बंद झाले. म्हणाला, "सर, मी पण लिहिणार होतो. पण लिहिलं असतं तर माझे पण गुण गेले असते. तिचे गेलेच ना?"

तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. खरे सांगणाऱ्याचे नुकसान होत असेल, तर आपण मुलांना लपवायलाच शिकवतो. मुलांनी एआयची मदत कशी नोंदवावी हे शिकवण्याआधी, ती नोंदवली तर शिक्षा होणार नाही एवढी हमी आपण मोठ्यांनी द्यायला हवी.

साक्षीदार वेगळा, मदतनीस वेगळा

'कुणाकडून घेतले' हे सांगण्याची सवय आपल्या घरांना नवी नाही. हदीसचे ग्रंथ ज्यांनी उघडले आहेत त्यांना माहीत आहे की प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात, सनद आणि मतन. मतन म्हणजे मूळ मजकूर. सनद म्हणजे तो कुणी कुणाकडून ऐकला याची साखळी. मजकूर कितीही सुंदर असो, साखळीतला एक रावी गळला किंवा त्याच्या खरेपणाविषयी शंका आली, तर त्या हदीसचा दर्जा उतरतो. इमाम बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) आणि त्यांच्यासारख्या मुहद्दिसांनी एकेका रावीची छाननी करण्यात आयुष्य घालवले. त्यातून रावींच्या चरित्रांचे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले.

त्यांची बारकाई किती होती बघा. उस्तादाच्या तोंडून ऐकले तर अनेक मुहद्दिस 'हद्दसना' म्हणत. शिष्याने वाचून दाखवले आणि उस्तादाने ऐकून मान्य केले तर 'अख्बरना' म्हणत. आणि कुणाच्या हातचे लिखाण नुसते सापडले, त्याच्याकडून ऐकलेले नाही, तर त्याला 'विजादा' म्हणत आणि तसे स्पष्ट सांगत. म्हणजे काय मिळाले एवढेच नव्हे, ते कोणत्या वाटेने आले हेही सांगायचे. जो आपला खरा स्रोत झाकून, थेट मोठ्या माणसाकडून ऐकल्याचा भास निर्माण करी, त्याच्या या कृतीला 'तदलीस' म्हणत आणि ते वैगुण्य मानले जाई. यंत्राचा मजकूर स्वतःचा म्हणून वहीत उतरवणे हे आजच्या वर्गातले त्याचेच भावंड म्हणावे लागेल.

आता या कसोटीवर एआय लावून बघा. त्याला विचारले, 'हे तू कुणाकडून ऐकलेस?' तर पुष्कळदा त्याला सांगता येत नाही, किंवा ते अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव छातीठोकपणे सांगते. ते अफाट मजकुरावर घडवलेले यंत्र आहे. एका शब्दानंतर दुसरा कोणता शोभेल हे ते हिशेबाने ठरवते. म्हणून वाक्य सफाईदार येते, पण ते खरे असेलच असे नाही. शिवथरचे नाव रामदास स्वामींशी जोडलेले, त्यांचे नाव सज्जनगड आणि साताऱ्याशी जोडलेले, आणि सातारा म्हटले की कृष्णा. बहुधा अशाच शेजारावरून यंत्राने आमचे ओढे घाटापार नेले असावेत.

हे फक्त शाळेत घडते असे नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने सांगितलेले खोटे निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड बसला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने दिलेले उत्तर न तपासता वापरू नये, असे न्यायालयाने तेव्हा बजावले.

म्हणून मुलांना आम्ही पहिला नियम हा सांगतो. एआय साक्षीदार नाही, मदतनीस आहे. नदी कुठे मिळते, सत्याग्रह कोणत्या साली झाला, पाऊस किती पडतो, अशा गोष्टींना पुरावा म्हणून त्याचे नाव देऊ नये. त्याने सांगितलेली गोष्ट पाठ्यपुस्तकात, ज्ञानकोशात किंवा जाणत्या माणसाकडे तपासावी आणि संदर्भ त्या पुस्तकाचा, त्या माणसाचा द्यावा. एआयचे नाव यावे ते ऋणनिर्देशात.

घळीतला धडा

या प्रकारानंतर आम्ही वर्गाला शिवथर घळीत नेले. वरंध घाटाच्या पायथ्याशी, धबधब्याच्या शेजारी ही गुहा आहे. पावसाळ्यात पाण्याचा एवढा आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि त्यांचे शिष्य कल्याण स्वामी यांनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये जुन्या कागदपत्रांच्या आधारे ही जागा शोधून काढली. गुहेत समर्थ सांगत आहेत आणि कल्याण लिहीत आहेत अशा मूर्ती आहेत.

आमच्या वर्गात सगळ्या समाजांची मुले आहेत. आम्ही त्यांना तिथे श्रद्धेचा नव्हे, लिखाणाचा धडा दिला. वीस दशके, दोनशे समास आणि ७७५१ ओव्यांच्या या ग्रंथाचा पहिलाच समास काय करतो? हा ग्रंथ कशाचा आहे ते सांगतो आणि तो कोणकोणत्या ग्रंथांच्या आधाराने उभा आहे त्यांची नावे देतो. शिवगीता, रामगीता, गुरुगीता, भगवद्गीता, उपनिषदे, भागवत, अशी ती यादी आहे. आज प्रकल्पाच्या शेवटी आपण 'संदर्भ' म्हणून जे लिहितो, ते त्यांनी ग्रंथाच्या दारातच लिहून ठेवले. एवढ्या मोठ्या माणसाला आधार सांगताना कमीपणा वाटला नाही, मग नववीच्या मुलाला का वाटावा?

दुसरी गोष्ट कल्याणांची. अक्षर त्यांचे, शाई-कागद त्यांचा, कष्ट त्यांचे. तरी ग्रंथ आपला असे ते म्हणाले नाहीत, आणि त्यांनी लिहून घेतला हे समर्थांच्या अनुयायांनी आजपर्यंत लपवले नाही. सांगणारा कोण आणि लिहिणारा कोण, दोघांची नावे आपापल्या जागी राहिली. मुलांना विचारले, "मग सांगा, तुमच्या वहीत अक्षर तुमचे आणि सांगणारा एआय, तर प्रकल्प कुणाचा?" धबधब्याच्या आवाजातही वर्ग गप्प झाल्याचे कळले. शेवटी कृष्णेचे वाक्य लिहिणाराच मुलगा म्हणाला, "सर, आपण नुसते उतरवणारे."

हात आपला असला म्हणजे शब्द आपले होत नाहीत, एवढे त्याला समजले. आम्हाला आणखी काय हवे होते?

नोंद कशी लिहावी

परदेशातल्या लेखनसंस्थांनी २०२३ पासून यासाठी नियम केले आहेत. एक पद्धत एआय बनवणाऱ्या कंपनीला लेखकाच्या जागी धरते. दुसरी म्हणते, एआयला लेखक म्हणूच नका, विचारलेला प्रश्न, साधनाचे नाव आणि तारीख द्या. कॉलेजात गेल्यावर ज्याला जी सांगतील ती त्याने पाळावी. शाळेसाठी आम्ही पाच प्रश्न ठरवले आहेत. कोणते साधन? कोणत्या तारखेला? काय विचारले? मिळालेल्यातले काय घेतले? कुठे तपासले? तारीख आणि प्रश्न यासाठी की, पुस्तकाचे पान कुणीही उघडून बघू शकतो, पण एआयला तोच प्रश्न उद्या विचारला तर उत्तर बदलू शकते.

तिच्या परवानगीने त्या मुलीचीच नोंद आम्ही वर्गात नव्याने लिहून घेतली. ती अशी:

'ऋणनिर्देश. या प्रकल्पाचे मुद्दे ठरवण्यासाठी मी अम्मीच्या व्हॉट्सॲपमधील मेटा एआयची मदत १२ जुलै रोजी घेतली. "आमच्या गावातील पाण्यावर प्रकल्प लिहिताना कोणते मुद्दे घ्यावेत?" असे विचारले. आठ मुद्दे मिळाले, त्यांतले पाच घेतले. ओढे कृष्णेला मिळतात असे त्याने सांगितले, ते चुकीचे निघाले. नद्यांची माहिती माझ्या नानांनी सांगितली आणि नकाशात पाहून तपासली. लिखाण माझे आहे.'

ही नोंद वाचून शिक्षकाला कळते की मुलीने विचार कुठे केला. हेच तर आम्हाला गुण द्यायला हवे असते.

मदत निरनिराळी, तशी नोंदही निरनिराळी. एआयचे वाक्य जसेच्या तसे घ्यायचे असेल तर ते अवतरणचिन्हांत टाकावे आणि शेजारी साधनाचे नाव लिहावे. नुसते शुद्धलेखन तपासून घेतले असेल तर एक ओळ पुरते. चित्र काढून घेतले असेल तर चित्राखाली लिहावे, नाहीतर बघणाऱ्याला तो आपल्या धबधब्याचा फोटो वाटेल.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी एक खास गोष्ट. ही मुले पुष्कळदा निबंध मनात उर्दूत जुळवतात आणि मराठीत येताना अडखळतात. मग यंत्राकडून भाषांतर करून घेतात. त्यात चोरी काही नाही. पण 'उर्दू मजकूर माझा, मराठी भाषांतर एआयचे, नंतर मी वाचून दुरुस्त केले' असे लिहावे आणि उर्दू मजकूर सोबत जोडावा. शिक्षकाला मग मुलाचे विचार आणि मुलाची मराठी, दोन्ही वेगवेगळे दिसतात आणि मदत नेमकी कुठे हवी ते कळते.

सांगितले म्हणजे सगळे माफ नव्हे

काही चतुर मुलांनी लगेच वाट शोधली. संपूर्ण निबंध यंत्राकडून लिहून घेतला आणि खाली प्रामाणिकपणे 'सर्व एआयने लिहिले' असे टाकले. त्यांना आम्ही विचारले, तिलावतीच्या स्पर्धेत कुणी एखाद्या काऱ्याची रेकॉर्डिंग लावली आणि 'ही अमुक काऱ्याची आहे' असे खरे खरे सांगितले, तर बक्षीस मिळेल का? खोटे बोलला नाही एवढेच त्याचे श्रेय. जिथे मुलाची भाषाच तपासायची आहे, तिथे भाषा मुलाचीच हवी. शिक्षकांनीही काम देतानाच सांगावे की यात एआय चालेल की नाही, आणि चालेल तर कुठपर्यंत. नियम आधी सांगितला नाही तर नंतर रागावण्याचा हक्क राहत नाही.

तसेच नुसत्या संशयावरून कुणाला दोषी धरू नये. मजकूर यंत्राने लिहिला का हे ओळखणारी साधने मिळतात, पण त्यांच्यावर विसंबता येत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचेच असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. चांगले लिहिणाऱ्या गरिबाच्या मुलावर 'हे तुझे नसणार' असा आळ घालणे हा मोठा अन्याय आहे. त्यापेक्षा पाच मिनिटे समोर बसवून विचारावे, 'हे मला समजावून सांग.' ज्याने केले आहे तो सांगतो.

घरासाठी दोन शब्द

पालकांनो, एक गोष्ट मनापासून विचारतो. एआय येण्याआधी आपल्या मुलांचे प्रकल्प कोण करत होते? मोठी बहीण, शिकवणीचे सर, गाईड, झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार प्रती. तेव्हा कुणी नोंद लिहिली का? ज्याच्या घरी शिकलेले माणूस त्याचा प्रकल्प देखणा आणि ज्याची आई अंगठा लावते त्याचा रोडका, हे वर्षानुवर्षे चालत आले. म्हणून आता आमच्या वर्गात फक्त यंत्राचीच नव्हे, माणसाचीही मदत लिहायची. भाईजानने आकृती काढली, लिहा. खालाने कात्रणे दिली, लिहा. नानांनी नदीचे नाव सांगितले, तेही लिहा. मागच्या खेपेला एका मुलाच्या वहीत त्याच्या निरक्षर दादीचे नाव 'माहिती देणारी' म्हणून आले. दादीला ते वाचून दाखवले, तर तिने वही मागून घेतली आणि आपल्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली.

मोबाईल आपला असतो, म्हणून लक्षही आपलेच हवे. चॅटजीपीटीसारख्या साधनांच्या अटींत तेरा वर्षांखालील मुलांना परवानगी नाही, आणि अठरापर्यंत पालकांची संमती लागते. लहान मुलाला काही विचारायचेच असेल तर शेजारी बसून विचारावे. घरातले फोटो, पत्ता, नंबर त्यात टाकू देऊ नये. आणि उत्तर आले की एक प्रश्न सवयीने विचारावा, 'हे खरे कशावरून?'

आमच्याविषयीही सांगायला हवे, नाहीतर हा सगळा उपदेश पोकळ ठरेल. मागच्या सत्रात सरावाची एक प्रश्नपत्रिका आम्ही एआयकडून तयार करून घेतली होती आणि स्वतःची म्हणून वाटली होती. मुलांकडून नोंद मागायची आणि आपली लपवायची, हे जमण्यासारखे नव्हते. वर्गात कबूल केले. आता अशा प्रश्नपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते, 'प्रश्न क्र. ३ व ४ एआयच्या मदतीने, शिक्षकांनी तपासून.' पहिल्यांदा ती ओळ वाचून मुले हसली. दुसऱ्यांदा त्यांनी चौथ्या प्रश्नातली एक चूक शोधून दाखवली.

मराठीत आभाराच्या पानाला ऋणनिर्देश म्हणतात. ऋण म्हणजे कर्ज. आणि कर्जाविषयीची शिकवण आपल्याला माहीत आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत, कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीत, देण्या-घेण्याची नोंद करण्याचा हुकूम आहे, मग रक्कम लहान असो की मोठी. पैशाचे देणे जो लिहून ठेवतो त्याने अकलेचे देणे का लिहू नये?

त्या मुलीचे सहा गुण आम्ही परत दिले. मुलाचे एकोणीस कमी केले नाहीत. आमच्या चुकीची शिक्षा त्याने का भोगावी? फक्त प्रकल्प पुन्हा लिहून आणायला सांगितले. या वेळी वहीच्या शेवटी नोंद होती. एआयचे नाव होते, तारीख होती, आणि खाली आणखी एक ओळ होती, 'नदीचे नाव वर्गातल्या मुलांनी दुरुस्त केले.'

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, आणि तो कुणाकडून मिळाला हे सांगण्याची हिंमतही देवो. आमीन.